सुई हाताशी असते म्हणून

विमानाच्या प्रतिकृतीत बसवलेले छोटे इंजिन हवेत असताना बंद पडले, की विमान खाली आल्यावर हात सर्वांत आधी सुईकडे जातो. ही सुई म्हणजे सिलिंडरकडे किती इंधन जायचे ते ठरवणारा एक बारीक, निमुळता स्क्रू. आत फिरवला की इंधन कमी, बाहेर काढला की जास्त. इंजिन तापून बंद पडले तर सुई थोडी उघडायची, धूर ओकत भकभक करत बंद पडले तर थोडी मिटायची, हे पहिल्याच दिवशी शिकवले जाते आणि त्यात चूकही काही नाही. माझा आक्षेप पुढच्या सवयीवर आहे. इंधनाची तक्रार सुईपाशी जाणवते, म्हणून ती सुईतच आहे असे धरून चालायची ही सवय. प्रत्यक्षात टाकीपासून सुईपर्यंतच्या वाटेत बिघडण्याजोग्या जागा कितीतरी, आणि सुई त्या वाटेवरचे शेवटचे ठिकाण. ती दोषी ठरते, कारण साऱ्या यंत्रणेत बोटांनी फिरणारी आणि फिरवल्याबरोबर उत्तर देणारी तेवढी एकच वस्तू आहे. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, ही म्हण जणू याच कामासाठी घडवली असावी.

आधी या इंजिनाचे खाणे समजून घ्यावे लागते, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे. ग्लो प्लगवर चालणाऱ्या इंजिनाच्या इंधनात सत्तर-ऐंशी टक्के मिथेनॉल असते, वीस टक्क्यांच्या आसपास तेल आणि हवे असल्यास थोडे नायट्रोमिथेन. प्लगमधली प्लॅटिनमची तार एकदा बॅटरीने तापवली, की पुढे मिथेनॉलच्या संगतीने ती स्वतःच लालभडक राहते. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७च्या सुमारास असा प्लग बाजारात आणला आणि तेव्हापासून या छोट्या इंजिनांच्या डोक्यावरचे ठिणगीचे लटांबर गेले. तेल बहुधा एरंडीचे. मराठवाड्यात बांधावर आपसूक उगवणाऱ्या एरंडाला कोणी फारसे विचारत नाही, पण पहिल्या महायुद्धातली गोल फिरणारी विमानइंजिने याच तेलावर चालली, कारण पेट्रोलमध्ये ते सहजी विरघळून पातळ होत नाही आणि भयंकर उष्णतेतही धातूला चिकटून राहते. मिथेनॉलमध्ये मात्र ते छान मिसळते. महत्त्वाचे ते पुढेच. या इंजिनाला वेगळे ऑइल नाही. इंधन हेच वंगण, आणि सिलिंडर थंड ठेवणारेही तेच, कारण वाफ होताना मिथेनॉल पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषते. म्हणजे इंधन दहा टक्के कमी पोचले तर नुसती ताकद घटत नाही; त्याच क्षणी तेल घटते आणि गारवाही घटतो. चारचाकीत मिश्रण जरा लीन, म्हणजे इंधनाला कमी, झाले तर गाडी गचके देते. इथे पिस्टन आणि लायनर एकमेकांना खाऊ लागतात.

आता टाकीपासून निघू. टाकीत एक मऊ नळी लोंबत असते आणि तिच्या टोकाला पितळेचे वजन. विमान नाक वर करो, खाली करो, कुशीवर वळो, इंधन जिकडे जाईल तिकडे हे वजन नळीला ओढून नेते. वर्ष-दोन वर्षांत नळी ताठरते, वजन एकाच जागी अडकते, आणि टाकी निम्मी झाली की नळीचे तोंड उघडे पडून हवा ओढू लागते. विमान नाकावर आपटले असेल तर हे वजन नळीसकट पुढे दुमडून बसते आणि बाहेरून काही दिसत नाही. टाकीची उंची चुकली तरी तेच. तिची मध्यरेषा सुईच्या पातळीत किंवा सेंटिमीटरभर खाली असावी लागते. वर असली तर सुरुवातीला इंधन ओसंडते, फार खाली असली तर शेवटी पुरत नाही. दोरीला बांधून गोल फिरवायच्या विमानात आणखी एक भानगड असते. वीस मीटरच्या दोरीवर ताशी नव्वद किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या विमानातले इंधन गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट जोराने बाहेरच्या भिंतीकडे ढकलले जाते. म्हणून तिथे शोषणनळीचे तोंड टाकीच्या बाहेरच्या, मागच्या कोपऱ्यात असावे लागते. तसे नसेल तर जमिनीवर उभे असताना हे इंजिन सुरेख चालेल आणि हवेत तिसऱ्या फेरीला मरेल; जमिनीवर सुई कितीही जुळवा, तो बिघाड जमिनीवर अस्तित्वातच नसतो.

आणि हवेचे बुडबुडे. पंख्याचा तोल बिघडलेला असेल तर टाकी थरथरते, इंधन घुसळले जाऊन फेस होतो. नळीला सुईच्या टोकाएवढे भोक असले तर इंधन गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, आणि त्यामुळेच ते भोक सापडत नाही. याचा परिणाम किती, ते हिशेबाने पाहण्यासारखे आहे. मध्यम आकाराचे इंजिन मिनिटाला तीसेक मिलिलिटर इंधन पिते, म्हणजे सेकंदाला अर्धा मिलिलिटर. सव्वादोन-अडीच मिलिमीटर पोकळीच्या नळीत हे इंधन सेकंदाला दहा-बारा सेंटिमीटर सरकते. एक सेंटिमीटर लांबीचा बुडबुडा पुढे गेला, तर सेकंदाचा दहावा हिस्सा इंजिनाला काही मिळत नाही. मिनिटाला बारा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनाचे तेवढ्यात वीस फेरे होतात, सगळे कोरडे. अशा वेळी सुई उघडून काय साधते? बुडबुडा नसतानाच्या क्षणी जास्त इंधन जाते, बुडबुड्याच्या क्षणी पूर्वीसारखेच शून्य. दोन चुकांची सरासरी बरोबर येते आणि इंजिन थोडा वेळ बरे चालल्यासारखे भासते. बिघाड लपवण्याची ही कला सुईकडे आहे, म्हणून ती धोक्याची.

मग सुईला हातच लावू नये का? लावावा, पण तिच्याकडे औषधाची बाटली म्हणून न पाहता साक्षीदार म्हणून पाहावे. ठरावीक इंजिन, ठरावीक पंखा आणि ठरावीक इंधन असेल तर सुई किती फेऱ्या उघडल्यावर इंजिन नीट चालते तो आकडा जवळजवळ कायम असतो, समजा अडीच. तोच आकडा एके दिवशी चारवर गेला, तर सुई सांगते आहे की माझ्यामागे काहीतरी तुंबले आहे, नाहीतर माझ्यापुढे कुठून तरी हवा घुसते आहे: मागच्या झाकणाचा सैल स्क्रू, सुईच्या बुडाशी असलेली झिजलेली रबरी कडी. इंजिन चार फेऱ्यांवर चालले म्हणून समाधान मानणारा माणूस साक्षीदाराचे तोंड दाबतो. दुसरी एक परीक्षा तर सुईला न शिवता होते. चालत्या इंजिनाची इंधननळी दोन बोटांत क्षणभर चिमटायची. आवाज चढून मग पडला तर मिश्रण रिच, म्हणजे इंधनाला जास्त, होते, थोडी सवलत होती. न चढता लगेच पडला तर आधीच लीन. विमान हातात घट्ट धरून नाक आकाशाकडे केले आणि आवाज बसू लागला, तर चढताना काय होणार ते जमिनीवरच कळले. या परीक्षांना खर्च नाही, आणि त्यांनी पुरावा पुसला जात नाही.

यावर पहिला आक्षेप हवामानाचा येतो आणि परभणीत तो वजनदार आहे. इथे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि थंडीत एक आकडी होतो. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला नीचांक हिवाळ्यात दरवर्षी वर्तमानपत्रात झळकतो. एवढ्या फरकात सुई बदलावी लागणारच, असे म्हणता येईल. खरे आहे, पण किती? थंडीतल्या सकाळचे दहा अंश आणि उन्हाळ्यातल्या दुपारचे त्रेचाळीस अंश यांत हवेची घनता सुमारे दहा टक्क्यांनी उतरते. हवा तेवढी विरळ, म्हणून इंधनही तेवढेच कमी लागते. सुईवर हा फरक पाव फेरीच्या आतबाहेर असतो आणि त्याची दिशाही ठरलेली: उन्हाळ्यात सुई किंचित मिटायची. ज्याला उन्हाळ्यात सुई फेरीभर उघडावी लागते त्याने उन्हावर खापर फोडू नये. हवामान दोषी आहे की नाही हे ठरवायला मोजमाप आहे. ते केले की आक्षेप माझ्याच बाजूला येऊन उभा राहतो.

परभणीचे ऊन इंधनाला मात्र दुसऱ्या मार्गाने खाते. ग्लो प्लगशिवाय चालणारी एक जात आहे, तिला हौशी मंडळी डिझेल म्हणतात. कोलकात्याच्या ‘अरोरा’सारख्या देशी इंजिनांमुळे ती आपल्याकडे ओळखीची झाली. तिचे इंधन म्हणजे रॉकेल, एरंडेल आणि ईथर. पेट घेण्याचे काम ईथरचे, आणि ईथर ३४.६ अंशांना उकळते. म्हणजे मार्च सरता सरता परभणीची दुपार ईथरच्या उत्कलनबिंदूच्या वर गेलेली असते. बाटलीचे बूच सैल राहिले तर पंधरवड्यात तीत उरते ते रॉकेल आणि एरंडेल. इंजिन पेट घेत नाही. मग माणूस डोक्यावरचा दाब वाढवायचा स्क्रू आवळत जातो, कारण या जातीत सुईच्या जोडीला हाताशी असलेली दुसरी वस्तू तीच. आवळता आवळता कनेक्टिंग रॉड वाकतो. दोष बाटलीत होता. मिथेनॉलची तऱ्हा उलटी. ते उडते, पण त्याहून वाईट म्हणजे हवेतले पाणी पिते, आणि जून-जुलैच्या दमट हवेत अर्धी उघडी बाटली महिनाभर राहिली की ग्लो प्लग कितीही नवा घाला, इंजिन मलूल चालते. जिल्ह्याच्या गावी असे इंधन मिळणे सोपे नाही. मुंबईच्या मालवणीत जून २०१५मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली ती मिथेनॉलमुळे, आणि त्या विषावर नियंत्रण हवे याबद्दल दुमत नाही. पण त्यामुळे मोठ्या शहरातून मागवलेली बाटली पुरवून पुरवून वापरली जाते आणि जुनी होते. एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये एअरोमॉडेलिंग शिकवले जाते आणि वायुसैनिक शिबिरांत त्याच्या स्पर्धाही होतात. तयारी करणाऱ्या पोरांनी सुई जुळवण्याआधी बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिण्याची सवय लावून घेतली तरी पुष्कळ इंजिने वाचतील.

हे सगळे मूठभर हौशी लोकांपुरते आहे असे कोणी म्हटले, तर त्याने परभणीच्या कोणत्याही गावात जूनमध्ये फवारणी पंप सुरू करण्याची धांदल पाहावी. पाठीवरचा हा पंप म्हणजे दोन स्ट्रोकचे इंजिन, आणि त्यातही पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले. कापूस आणि सोयाबीनवरची फवारणी संपली, तुरीवरची एखादी झाली की तो खोलीच्या कोपऱ्यात जातो, बहुतेक वेळा टाकीत उरलेल्या इंधनासकट. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाला आणि मक्याला त्यातून भाव मिळावा हा हेतू असेल, पण इथेनॉल पाणी ओढते आणि पाणी फार झाले की पेट्रोलपासून फुटून बुडाशी बसते, जिथून शोषणनळी इंधन उचलते. उरलेले पेट्रोल उडून चिकट साका राहतो, कार्ब्युरेटरमधला पातळ रबरी पडदा ताठरतो. जूनमध्ये पंप चोक ओढल्यावर सुरू होतो आणि चोक उघडला की बंद पडतो. यावर सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे चोक अर्धा ओढून फवारणी उरकणे. चोक इथे सुईची जागा घेतो. हवा कमी करून इंधनाची तूट झाकायची, पण तूट कुठून आली ते विचारायचे नाही. पंप दहा मिनिटे चालून बंद पडत असेल आणि झाकण सैल केल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर झाकणातले हवेचे भोक बुजले आहे आणि टाकीत निर्वात पोकळी होते आहे. त्याला टाचणी पुरते. तिथे नवा कार्ब्युरेटर बसवल्याने दुकानदाराचे भले होते.

याच भागात बिघाड शोधण्याची एक उत्तम रीत जुनी आहे, हे मला जास्त बोलके वाटते. विजेचे पंप सगळीकडे पोचण्याआधी विहिरीवर डिझेल इंजिन असे. ते हवा धरी. टाकी कोरडी होऊन पुन्हा भरली की नळीत हवा अडके, आणि हँडल कितीही मारले तरी इंजिन धडधडत नसे. त्या वेळी मिस्त्री नव्हे, साधा सालगडीसुद्धा टाकीच्या कॉकपासून सुरुवात करी. कॉक उघडून डिझेल येते का पाही, मग फिल्टरचा स्क्रू सैल करून फेस जाईपर्यंत थांबे, मग पंपाकडची नळी, शेवटी नोझलची. हवा काढत काढत तो टाकीकडून इंजिनाकडे सरके, उलटा कधीच नाही. ही शिस्त त्याला कोणी तर्कशास्त्र शिकवून दिली नव्हती. त्या इंजिनावर फिरवायला काही नव्हते. डिझेलचे माप पंप आणि गव्हर्नर आपसांत ठरवत, शेतकऱ्याच्या हाती सुई दिलेलीच नव्हती. चुकीच्या जागी हात घालायची सोय नसली की माणूस वाटेने चालत बिघाडापर्यंत जातो. तोच माणूस फवारणी पंपासमोर आला की चोकशी खेळतो. माणूस बदलला नाही, अक्कल बदलली नाही. यंत्राने त्याच्यापुढे एक खुंटी ठेवली एवढाच फरक.

अनुभवी वैमानिक आणि संगणक हाताशी असले म्हणजे असे होत नाही असेही नाही. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच गवतात उतरले. विमानात १५२ माणसे होती आणि सगळी वाचली. उतरताना दोन्ही इंजिनांकडे जास्त ताकद मागितली गेली, इंजिनांच्या नियंत्रक संगणकांनी इंधनाच्या झडपा पूर्ण उघडल्या, आणि तरी इंधन आले नाही. तपासात निघाले ते असे: लांबच्या थंड प्रवासात इंधनातल्या नेहमीच्याच अल्प पाण्याचा बर्फ नळ्यांत साचला, तो सुटून पुढे आला आणि इंधन गरम करणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी अडकला. झडपेत दोष नव्हता. ती तर सांगितल्याहून तसूभर कमी उघडली नव्हती. पुढे दुरुस्ती झाली ती त्या तोंडाची, तिथल्या किंचित पुढे आलेल्या नळ्या सपाट करून. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश अभियंता बिअट्रिस शिलिंग यांची गोष्टही याच जातीची. स्पिटफायर हे लढाऊ विमान एकदम नाक खाली करे तेव्हा त्याचे मर्लिन इंजिन गुदमरे. १९४१मध्ये शिलिंगबाईंनी इंधनाच्या नळीतच मोजक्या भोकाची एक छोटी चकती बसवली आणि नवे कार्ब्युरेटर येईपर्यंत तिने काम भागवले. कार्ब्युरेटर उघडून बसण्याआधी त्यांनी त्याच्याकडे येणाऱ्या वाटेचा विचार केला.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि मला तो पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. सुई फिरवायला दोन सेकंद लागतात, टाकी उतरवायला अर्धा तास. मग स्वस्त उपाय आधी का करू नये? वैद्यसुद्धा साध्या औषधाने सुरुवात करतो. उत्तर असे की सुई फिरवणे स्वस्त दिसते, असते असे नाही. पहिला खर्च पुराव्याचा: एकदा सुई मूळ जागेवरून हलली आणि आकडा लिहून ठेवलेला नसला, की बिघाड आणि जुळवणी यांची सरमिसळ होते आणि पुढचा प्रत्येक प्रयोग दोन अज्ञात गोष्टींवर चालतो. दुसरा खर्च तेलाचा. लीन मिश्रणावर इंजिन दोन मिनिटे छान किंचाळते, आणि त्या दोन मिनिटांत लायनरचा जो घास जातो तो नंतर कितीही उघडलेल्या सुईने परत येत नाही. नळीचा तुकडा काही रुपयांना मिळतो. लायनर-पिस्टनची जोडी मिळालीच तर इंजिनाच्या किमतीचा मोठा हिस्सा घेऊन जाते. शिवाय अर्धा तास नेहमी लागतोच असे नाही. नळी उतरवून पाण्यात बुडवून फुंकायला एक मिनिट पुरते. कधी कधी दोष खरोखर सुईत असतो, हेही मान्य. तिच्या भोकात कचरा अडकतो, आपटल्यावर ती वाकते, तिच्यावर एरंडेलाचा पिवळा लाखेसारखा थर चढतो. पण त्या वेळीसुद्धा इलाज ती काढून पुसण्याचा असतो, फिरवण्याचा नव्हे.

तिसरा आक्षेप काळाचा. प्रतिकृती विमाने आता बहुतांशी बॅटरीवर उडतात, एप्रिल २०२० नंतरच्या दुचाकींना कार्ब्युरेटर जवळपास राहिलेलाच नाही. सुई गेली तिथे सुईची तक्रार कसली? सुई गेलेली नाही. आता ती संगणक फिरवतो. इंजेक्शनच्या गाडीत एक सेन्सर धुराड्यातला ऑक्सिजन मोजतो आणि इंधन कमी पडते असे दिसले की यंत्रणा आपोआप थोडे वाढवते. फिल्टर तुंबत चालला तरी चालकाला काही कळत नाही, कारण संगणक रोज गुपचूप सुई उघडत असतो, आणि हातातल्या सुईपेक्षा कितीतरी सफाईने बिघाड झाकतो. पण तो आपण किती वाढवले ते लिहून ठेवतो. परभणीच्या एखाद्या गॅरेजमधला मेकॅनिक स्कॅनर लावून तो आकडा वाचू शकतो: यंत्रणा नेहमीपेक्षा वीस टक्के जास्त इंधन देते आहे, तर पंप, फिल्टर आणि नळी आधी, इंजेक्टर नंतर. मात्र त्याच स्कॅनरवर नोंद पुसायचे बटणही असते. ते दाबले की दिवा विझतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते, आणि संगणक शून्यापासून पुन्हा सुई उघडायला लागतो.